वाट बघायची मोजनी

त्या सकाळी नळावर कोन कोन होतं ते आधी सांगते, म्हंजी मागाहून कुनी म्हनायला नको की म्हातारीनं पदरचं घातलं. मी होते. माझी नात प्रज्ञा होती. शिवनकाम करनारी रजियाबी होती. धुरपदाबाई होती, तिची सून होती. सरपंच मंदाबाई होत्या, आन मागून त्यांचे मालक नाना फटफटीवर आले. पानी सोडनारा कडूबा होता. दिल्लीच्या हापिसातले तीन साहेब होते, दोन बाप्ये आन एक बाई. आन पालथ्या बादलीवर बसलेले आमचे सर होते.

सरांचंच सांगायचंय. नाव नाय सांगत. त्यांनीच म्हनलं होतं, "बाई, माझं नाव कुठं घालू नका. मी इथं विचारायला आलोय, ओळख द्यायला नाही."

आमचं गाव शेंद्र्याच्या अंगाला. पूर्वी ज्वारी होती, आता कंपन्या हायेत. त्या कंपन्यांच्या पायाचा माल मी डोक्यावर वाहिला. माझा मालक त्याच कामावर परांचीवरून पडला आन सहा महिन्यांनी गेला. त्याचं काय सांगायचं, ज्याच्या त्याच्या घरात असं कायतरी हायेच. पोरगा आन सून आता कंपनीत पाळीला जातेत. घरी मी आन प्रज्ञा.

सर आले ते काळ्यापिवळ्या जीपमधून, एक लोखंडी पेटी आन गळ्यात घड्याळ. घड्याळ म्हंजी शाळेत पळायच्या शर्यतीला असतं तसलं, बटन दाबायचं. त्याला लेंग्याची नाडी बांधलेली. पारावर उतरले आन मोठ्यानं म्हनले, "नमस्कार! मी मोजणीला आलोय."

झालं. मागच्या बारीला मोजनीवाले आले होते तवा अर्ध्या गावाची शेतं गेली होती. कुनी चहा इचारला नाय, कुनी बस म्हनलं नाय. घटकाभरात समदं गाव आपापल्या बांधावर जाऊन बसलं. धुरपदाबाई तर कोंबड्याचं खुराडं उचलून वावरात घिऊन गेली, म्हने काहीतरी वस्ती दिसली पायजे. सर बिचारे रिकाम्या गावातनं फिरायले. माझं शेत आधीच गेलेलं, म्हनून मी तेवढी दारात बसलेली. मला म्हनले, "बाई, आज काही सण आहे का? सगळे शेतात कसे?"

म्हनलं, "तुमालाच भिऊन बसलेत."

"अहो, मी जमीन नाही मोजत."

"मग काय मोजता?"

लई येळ इचार केला. मग म्हनले, "ते अजून ठरलेलं नाही."

मला हसू आलं. असा साहेब मी पहिल्यांदा बघितला. आमच्या आंगनातली पत्र्याची खोली रिकामी होती, आधी कंपनीतली पोरं राहायची. ती दिली.

तर सरांच्या सवयी. खुर्चीवर बसायचे नाय. सरपंचाच्या घरी सोफा दिला तरी खाली बसले. म्हनायचे, "मी खुर्चीवर बसलो की समोरचा माणूस खोटं बोलायला लागतो." मग जिथं जातील तिथं एक बादली पालथी घालून बसायचे. गावातल्या समद्या बाया बादल्या लपवायला लागल्या, कारन सर लई जाड होते आन दोन बादल्यांचे बूड फुटले होते. हसले की शिंका यायच्या. एक, दोन, पाच, सात, थांबायच्याच नाय. लहान लेकरं मुद्दाम हसवायची आन शिंका मोजायची. भाकरी माझ्याकडंच खायचे, ठेचा लागायचा, डोळ्यातनं पानी गळायचं आन म्हनायचे, "अजून थोडा."

मी एकदा इचारलं, "सर, तुमचं नेमकं काम काय वो?"

"बाई, मोठ्या शहरांत, परदेशात काही माणसं बसलेली असतात. आपल्यासारखे देश पुढं जाणार का, कोणता किती पुढं जाणार, याचा अंदाज बांधतात."

"ज्योतिषी का?"

"तसंच. फक्त टाय लावलेले."

"मग ते कशावरून सांगतेत?"

"कारखान्यातून माल किती निघाला, विटा किती भाजल्या, मोटारी किती खपल्या, त्यावरून."

"मग बराबरच हाय की."

तवा त्यांनी भाकरी खाली ठेवली. "बाई, नातीची सोयरीक करायची झाली तर तुम्ही मुलाचा नुसता पगार विचाराल का?"

"पगार तर इचारीनच."

"आणि?"

"आन पितो का ते बघीन. त्याची माय कशी बोलती ते बघीन. घरात संडास हाय का. मोठी सून हसती का, का मान खाली घालून चहा आनती. पोरगं पाय धुवून घरात येतं का."

सर उठून उभेच राहिले. "हेच! मी देशाची सोयरीक बघायला आलोय. मला बाकीचं बघायला पाठवलंय. बाकीचं म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत नाही."

हे गावभर झालं. मग बाया त्यांना रस्त्यात अडवायच्या, "काय सर, पसंत पडलं का आमचं गाव?" आन सर म्हनायचे, "मुलगी चांगली आहे, घरचे कसे आहेत ते बघतोय." की लगेच शिंका.

आधी एक बाई आली होती, फॉर्म भरायला. तिनं इचारलं, फ्रिज हाय का? हाय. टीवी हाय का? हाय. गाडी हाय का? हाय. पाच मिन्टात गेली. सर तसं नाय करायचे. ते म्हनायचे, "फ्रिजात काय आहे?" रजियाबीच्या फ्रिजात दोऱ्याच्या रिळा आन लेसा होत्या. लाइट टिकत नाय, मग उंदरापासून तेवढंच कपाट. रजियाबी लाजली. "क्या करनेका सर, ठंडा तो होता नइ. दरवाजा अच्छा बंद होता." सरांनी तसंच लिहून घेतलं. माझ्या पोराच्या फ्रिजात प्रज्ञाची पुस्तकं होती. सर म्हनले, "हा सगळ्यात चांगला फ्रिज."

दुसरं काय इचारायचे, तर घरातली सगळ्यात म्हातारी बाई कुठं बसती? मी दाराजवळ पोत्यावर बसायची, ऊन आलं की सरकायची. सरांनी नुसतं बघितलं आन वहीत कायतरी लिहिलं. माझ्या पोरानं ते पाहिलं. काय लिहिलं ते कळलं नाय, पन दुसऱ्या दिशी त्यानं पंख्याखाली बाज टाकली आन म्हनला, "आई, हितं बस." गावात हा रोग पसरला. आठ दिसात समद्या म्हाताऱ्या पंख्याखाली. धुरपदाबाई म्हनली, "माय, वाऱ्यानं माझा कान दुखायला, पन उठू देईनात!"

आन तिसरा सवाल होता, दहा वर्सांनी तुला काय पायजे? ह्याचं उत्तर ते लिहायचेच नाय. उत्तर द्यायला किती येळ लागला, ते घड्याळात बघून लिहायचे. प्रज्ञाला इचारलं, तर त्यांचं बटन दाबायच्या आत ती बोलली, "औषधाच्या कंपनीत तपासायला. माल पास का नापास, मी सांगनार."

"थांब थांब, बटन दाबू दे. परत सांग."

"परत कामून? माझं ठरलंय."

सरांनी वहीत एक भोपळा काढला आन त्याच्यापुढं हसरं तोंड काढलं.

सरपंचबाईच्या घरी हाच सवाल केला. रजियाबी तिथं झंपराचं माप घ्यायला गेली होती, तिनं सांगितलं. मंदाबाई आधी नानाकडं बघायल्या, मग भिंतीकडं, मग चहाच्या बशीकडं. घड्याळ चालूच. शेवटी नानाच बोलले, "हिला काय पायजे, समदं हाय." सरांनी लिहिलं, नानांना उत्तर द्यायला दोन सेकंद. बाईंचं उत्तर आलं नाही. मंदाबाई सरपंच होत्या, बाईची जागा होती म्हनून. सही त्यांची, बाकी समदं नानाचं. नानाच्या इटाच्या भट्ट्या होत्या. कंपन्यांच्या कुंपनाला, गाळ्यांना त्यांच्याच इटा. गाव पुढं गेलं, गाव पुढं गेलं, असं पेपरात यायचं ते त्या इटाच्या ट्रका बघून.

आता पान्याचं सांगते, कारन खरा घोळ तिथंच होता.

आमच्या वस्तीला एक नळ. पानी येक दिसाआड. पन कवा येनार ते कुनालाच ठाव नाय. कधी साडेआठ, कधी बारा, कधी एक वाजता. आलं की घंटाभर, मग बंद. तवा नळावर कुनी नसलं तर दोन दिस घरात थेंब नाय. माझे गुडघे गेलेले, भरली घागर मला उचलत नाय. पोरगा सून पाळीला. मग बसनार कोन? प्रज्ञा. तिचं बारावीचं सायन्स, कॉलेज शहरात, औरंगपुऱ्याकडं, जीप पकडून जायचं. दिसाआड गैरहजर. कॉलेजातनं चिठ्ठी आली, हजेरी कमी हाय, आता आनखी खाडे केले तर परीक्षेला बसता येनार नाय. तिनं ती चिठ्ठी मला वाचून दाखवली आन घडी घालून फ्रिजात ठेवली. रडली नाय. रडली असती तर बरं झालं असतं.

मी चौथीतून निघाले ती पान्यापायीच. तवा इहीर होती, पन आमाला हात लावायची सोय नव्हती. वरून कुनी ओतलं तर घ्यायचं. ओतनारं येईस्तोर बसायचं. म्हनून मी मनाशी म्हनलं होतं, मी बसले ते बसले, ही नाय बसनार. पन बसलीच की ती. नळ आला, टाकी आली, बसनं तेच.

सर आमच्यासंगं नळावर बसायला लागले ते तवापासून. स्वतःची एक कळशी रांगेत ठेवली. येनाऱ्या बाईच्या नावापुढं येळ लिहायची, पानी मिळून निघाली की येळ लिहायची. म्हनायचे, हीच खरी मोजनी. त्यांचा नंबर आला की ते लिहिन्यात गुंग, मागची बाई पुढं. त्यांची कळशी एकदाबी भरली नाय. मीच त्यांना तांब्याभर पानी द्यायची.

एकदा मला म्हनले, "बाई, तुम्ही किती वेळ वाट बघितली?"

म्हनलं, "आजची का सगळी मिळून?"

त्यांनी घड्याळ बंद केलं. मग म्हनले, "सगळी मिळून लिहायला माझ्याकडं रकाना नाही." म्हनलं, "मग आजची लिवा. आजचीच मिटली तरी लई झालं."

आन हितं गावानं गंमत केली. आमच्याकडं जवा जवा कुनी वही घिऊन आलं, तवा ज्याचं जास्त वाईट त्याला कायतरी मिळालं. संडास मिळाला, गॅस मिळाला. मग लोकांनी हिशेब लावला, सर वाट बघनं मोजायलेत, म्हंजी जो जास्त वाट बघनार त्याच्या घरात नळ येनार! झालं, समदं गाव वाट बघायला आलं. आधी बाया साडेआठला यायच्या, आता सातला यायल्या. धुरपदाबाई भाकरी बांधून यायची. रजियाबी हातमशीन घिऊन आली, तिथंच शिवायला बसली. ज्यांच्या घरी बोअर हाय त्या बायाबी रिकाम्या घागरी घिऊन वस्तीच्या नळावर. आन रांगेत पुढं व्हायला नाय, मागं राहायला भांडनं!

"तू हो पुढं माय, तुला घाई असंल."

"मला कामून घाई? तूच हो. मी आत्ताच आले."

सर घड्याळ बघायले आन डोकं खाजवायले. "बाई, पाणी पहिल्यासारखंच येतंय, मग वाट बघणं दुप्पट कसं झालं? मी बारा गावं फिरलो, परदेशात फिरलो, असं कुठं झालं नाही."

मी सांगितलं त्यांना खरं. आधी हसले. शिंका अकरा झाल्या, लेकरांनी मोठ्यानं मोजल्या. आन मग एकदम तोंड पडलं. "म्हणजे माझी सगळी मोजणी खोटी. माझ्या विचारण्यानंच बिघडली." वही फाडायला निघाले.

मी वही धरली. म्हनलं, "सर, फाडू नका. माझ्या उभ्या जन्मात ह्या वरच्या आळीच्या बाया आमच्या नळावर बसल्या नाय. आता आपल्या पायानं आल्यात. बसू द्या की त्यांना. कळू द्या, बसनं काय असतं."

सरांनी वही परत मांडीवर घेतली. मग त्यांनी वहीत पहिल्यांदा घड्याळ न बघता लिहिलं.

पुढच्या पान्याच्या दिशी सरपंचबाई आल्या. नानानंच धाडलं होतं, आपलं नाव यादीत नसलं म्हंजी कसं? नवं लुगडं, हातात पितळंची घागर, जवळ एक उशी बसायला. त्यांना वाटलं अर्धा तास. पानी आलं पावने एकला. तोवर चहा नाय, उनात डोकं तापलेलं, जायचं झालं तर जागा नाय. घागर आन उशी डोक्यावर घिऊन गेल्या. मला वाटलं आता यायच्या नाय. पन पुढच्या बारीला परत आल्या. उशी नव्हती.

रजियाबी म्हनली, "आओ सरपंचबाई, तुमारा नंबर मेरे पिच्छे. गोष्टी सांगो कुछ." आन मंदाबाई बोलायला लागल्या. माहेरचं, नववीत गनितात पहिल्या आल्याचं. लई हसायल्या त्या दिवशी. इतक्या वर्सांत मी त्यांचे दात बघितले नव्हते.

आन मग ती सकाळ. सरांचे साहेब येनार होते, बघायला की सर हितं तीन महिने काय करतेत. त्याच दिशी प्रज्ञाचं प्रॅक्टिकल, अकराला. चुकलं की संपलं. मी म्हनलं, "जा पोरी, मी बसते." ती म्हनली, "आजी, तुला घागर उचलंल का? मागच्या बारीला पडलीस. मी साडेनवापर्यंत बघते. आलं तर भरून पळते." तिनं कॉलेजचा पांढरा कोट अंगात घातलेलाच होता, आन त्या कोटानं ती रांगेत बसली, घागरीवर वही ठेवून.

पांढऱ्या गाडीतनं साहेब उतरले. त्यांना नवी ग्रामपंचायत बघायची होती, भट्ट्या बघायच्या होत्या. सर बादलीवरून उठले नाय. म्हनले, "आधी रांगेत बसा."

"किती वेळ?"

"तेच तर बघायचंय."

दोघं साहेब उभेच राहिले. साहेबबाई मात्र दगडावर बसली. साडेनऊ झाले. प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं नाय बघितलं. पावनेदहा झाले. मंदाबाईंनी तिला इचारलं, "काय गं, हा कोट कशाचा?"

"कॉलेजचा. आज प्रॅक्टिकल हाय."

"मग हितं कामून बसलीस?"

प्रज्ञा म्हनली, "पानी आलं नाय म्हनून."

मंदाबाई म्हनल्या, "पानी कामून आलं नाय?" आन समद्या बायांनी कडूबाकडं बघितलं. समद्यांना ठाव होतं. टाकीचं पानी आधी भट्टीवर जायचं, माती भिजवायला. तिथलं काम उरकलं की नाना कडूबाला फोन करायचे, मग आमची चावी फिरायची. मंदाबाईंनाबी ठाव होतं, घरातलीच गोष्ट. पन ते पानी आन ही पोरगी, ह्या दोन्हीची गाठ त्यांनी कधी बांधली नसंल. रांगेत बसल्यावर दिसली.

उठल्या. पदर खोचला. चावीचा खड्डा जवळच, कडूबा तिथं बिडी वढत बसलेला.

"कडूबा, पानी सोड."

"नानांचा फोन येऊ द्या की बाई."

"सरपंच कोन हाय?"

"तुमी. म्हंजी नाना. म्हंजी तुमीच, पन—"

"पन काय?"

"पन फोन नाना करतेत."

एवढ्यात नानांची फटफटी आली. कुनीतरी कळवलं होतं. नाना हळू आवाजात म्हनले, "अगं, दिल्लीची मानसं बघायलीत. चल घरी. इटांचा ट्रक भरायचाय, तिकडं चिखल वाळायलाय."

मंदाबाईंनी आवाज हळू केला नाय. "चिखल वाळू द्या. चिखलाची आज परीक्षा नाय. ह्या पोरीची हाय."

"अगं ह्या कंपन्या, हे गाव पुढं चाललंय ते इटांवर—"

"मग इटाच बसवा पंचायतीत. मी इथं बसून पाहिलंय, तुमी एकदा बसून दाखवा. एक वाजेपर्यंत. चहा नाय मिळनार."

धुरपदाबाईनं आपली बादली पालथी घातली आन नानापुढं ठेवली. "बसा नाना. ही अजून फुटली नाय."

माय माय, काय हसल्या बाया! रजियाबीचं मशीन थांबलं. साहेबबाईला मराठी येत नव्हती, तीबी हसली. नाना एकदा साहेबांकडं बघायले, एकदा बादलीकडं. कडूबानं कुनाचीच वाट नाय बघितली, चावी फिरवली. नळानं आधी हवा सोडली, मग पानी.

मंदाबाईंनी सरांची वही मागितली, मागच्या पानावर लिहिलं की उद्यापासून वस्तीचं पानी सकाळी सहाला, भट्टीचं त्याच्यानंतर. खाली सही केली. सरांनी हळूच इचारलं, "बाई, दहा वर्षांनी तुम्हाला काय हवंय?"

"थांबा, आता सवड नाय," म्हनल्या. "हिची घागर आधी भरा."

दहा वाजून गेले होते. जीप गेलेली. सरांनी साहेबांना सांगितलं, "तुमची गाडी रिकामी आहे, आणि शहरातच जायची आहे." साहेब म्हनले, आमाला अजून भट्ट्या बघायच्यात. सर म्हनले, "विटा कुठं पळत नाहीत." मग सरांनी वहीतली पानं फाडली, ज्याच्यावर प्रज्ञाच्या नावापुढं समद्या येळा लिहिल्या होत्या, किती वाजता बसली, किती वाजता उठली. खाली स्वतःची सही, आन मंदाबाईंचीबी घेतली. "हे प्रिन्सिपलना दे. गैरहजर होतीस तेव्हा कुठं हजर होतीस, ते यात आहे."

पोरगी पांढऱ्या कोटात पांढऱ्या गाडीत बसून गेली. मागं धूळ उडली, लेकरं पळायली.

प्रॅक्टिकलला पोचली. प्रिन्सिपल बाई होत्या. त्यांनी ती पानं दोनदा वाचली आन इचारलं, "हे कोणी मोजलं?" प्रज्ञा म्हनली, "आमच्या घरी एक सर राहतेत, ते वाट बघनं मोजतेत." बाईंनी हसून पानं ठिवून घेतली. सुटीच्या दिशी बुडालेले तास भरून घेतले, चार रविवार. अशी बसली ती परीक्षेला. आता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्साला हाय. मी सांगते आन हे लिहितेय तीच.

सर त्याच्यानंतर महिनाभर होते. दिल्लीच्या हापिसानं त्यांचा कागद परत धाडला. म्हने, हे समदं ठीक हाय, पन एका आकड्यात सांगा, गाव किती पुढं जाईल? सर माझ्या बाजेवर, पंख्याखाली बसले होते, मी दाराशी गहू निवडायले. म्हनले, "बाई, काय आकडा लिहू?"

म्हनलं, "मला काय इचारता? मी चौथी."

"तुम्हालाच विचारतोय."

मी म्हनलं, "लिवा, सहा."

"सहा कसे?"

"सकाळचे."

पेटीवर कागद ठिवून त्यांनी खरंच तसं लिहिलं, आन शिंका सुरू झाल्या. त्या कागदाचं पुढं काय झालं ठाव नाय. सरांची नोकरी राहिली का गेली, त्येबी नाय सांगितलं. पेटी उचलली, मी ठेच्याची बाटली दिली, जीपमधी बसले. धुरपदाबाई वरडली, "सर, पसंत पडली का मुलगी?" तवा पहिल्यांदा ते हसले नाय. डोळे पुसले, पन ठेचा अजून खाल्ला नव्हता.

पुन्हा भेट नाय. हायेत का नाय तेबी ठाव नाय. नाना अजून बाहेर छाती काढून सांगतेत की सहाची येळ मीच ठरवली. सांगू द्या. पानी सहाला येतं, कधी सव्वासहा होतात, तवा मंदाबाई स्वतः चावीवर जातेत.

हे वाचनाऱ्यानं येवढं करा. तुमच्या गावात, नायतर तुमच्या गल्लीच्या मागं जी वस्ती असंल तिथं जा, आन पानी किती वाजता येतं ते इचारा. नक्की येळ कुनाला सांगता आली नाय, तर येळ ठरवून घ्या आन पंचायतीच्या दारावर लिहून लावा. अक्षर मोठं काढा. चौथी शिकलेल्या बायांनाबी वाचता आलं पायजे.